शोधनिबंध विकत घेऊन व्हॅस्क्युलर सर्जन होता येत नाही

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांची सर्जन व्हायचंय. धमन्यांचे आजार आणि ग्राफ्ट इन्फेक्शनवरचे चार शोधनिबंध तीन महिन्यांत तिच्या नावाने छापून देतो, असं एका एजंटाचं म्हणणं आहे. पुढे सीट मिळायला उपयोग होईल ना? तिला अजून सांगितलेलं नाही.
– एक पालक, नांदेड

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो. तिला का सांगितलं नाहीत? ती नको म्हणेल याची खात्री आहे म्हणूनच ना? तिला न विचारता तिच्या नावावर बँकेचं कर्ज काढलं असतंत का? हा प्रकार त्याहून वाईट आहे, कारण कर्ज फिटतं तरी. निबंधातल्या प्रत्येक आकड्याला लेखक जबाबदार असतो. उद्या निबंध खोटा ठरून मागे घेतला गेला, तर तिच्या नावापुढे ती नोंद कायमची राहील. आणि तेव्हा 'बाबांनी केलं होतं' हे कुणी ऐकून घेणार नाही.

पैसा खर्च करायला तुम्ही तयार आहात, हे दिसतंय. पण पत्रात तिला हा विषय का आवडला, याबद्दल एक ओळही नाही. कधी विचारलंत?

आता तुमचा गैरसमज. एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेत, नीट-पीजीत, शोधनिबंधांना शून्य गुण आहेत. त्यापुढच्या सुपरस्पेशालिटीच्या नीट-एसएसमध्येही तेच. एमएस जनरल सर्जरी तीन वर्षं, मग एमसीएच किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी, आणखी तीन. ही सगळी वाट परीक्षेतल्या गुणांवर चालते. म्हणजे ज्या सीटसाठी तुम्ही पैसे मोजताय, तिथे तुमचा माल कुणी बघणारच नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीला (तिथलं एमबीबीएसनंतरचं प्रशिक्षण) अर्ज करताना प्रकाशनं बघतात, हे खरं. पण तिथे मुलाखतीत त्याच निबंधावर खोदून प्रश्न विचारतात.

बरं, एजंटाने विषय तरी कोणता निवडावा! कृत्रिम ग्राफ्टला, म्हणजे खराब धमनीऐवजी बसवलेल्या नळीला, जंतुसंसर्ग होणं तसं विरळ, आणि कधी कधी तो शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी उघड होतो. जांघेतल्या जुन्या व्रणातून थोडा पू येतो, बस्स. जंतू ग्राफ्टवर चिकट थर करून बसतात, म्हणून नुसत्या अँटिबायोटिक्सनी ते सहसा जात नाहीत. सीटी किंवा पेट स्कॅन करून निदान पक्कं करावं लागतं. मग बहुतेकदा ग्राफ्ट काढायचा आणि पायाला रक्त मिळण्याची दुसरी सोय करायची. कधी रुग्णाच्याच मांडीतली खोल शीर तिथे बसवतात, कधी काखेतल्या धमनीपासून कातडीखालून मांडीपर्यंत नवी नळी नेतात. यातलं काय जास्त टिकतं, हे कळायला रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. तीन महिन्यांत चार निबंध कुठून येणार? हे आकडे कुणीतरी खुर्चीत बसून रचणार, आणि ते खरे मानून उद्या एखादा सर्जन कुणाच्या तरी पायाचा निर्णय घेणार.

मुलीला खरंच गोडी असेल, तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते. दोन महिन्यांचं काम, सोबत कॉलेजमधले एक मार्गदर्शक. विषय साधा घ्यावा. उदाहरणार्थ, घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह्यांत मात्र धमन्या कडक होतात, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा फसवा, कधी १.४ च्याही वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब बघावा लागतो. पायाला जखम घेऊन वॉर्डात आलेल्या किती मधुमेह्यांचा हा दाब याआधी कुणी मोजला होता? एवढा प्रश्नही पुरे आहे. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी घ्यायला हवी, त्यात वेळ जातो, म्हणून मार्गदर्शकांना तिने याच महिन्यात भेटावं. तिने, तुम्ही नव्हे.

एजंटाला ॲडव्हान्स दिला असेल तर तो बुडाला समजा. तिची मार्कशीट, आधार असलं काही त्याला दिलं असेल, तर ते आजच तिला सांगा.