श्टुटगार्टमध्ये घर मांडताना: नवे काय घ्यावे, जुने काय घ्यावे

आपण ऑक्टोबरमध्ये पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह पुण्याहून श्टुटगार्टला राहायला येणार आहात. रोजच्या वापरातल्या कोणत्या वस्तू सोबत आणाव्यात, कोणत्या इथे नव्या घ्याव्यात आणि कोणत्या जुन्या घेतल्या तरी चालतील, असे आपण विचारले आहे. जुन्या वस्तू, विशेषतः मुलीसाठी, घेण्याचा आपल्या पत्नीला संकोच वाटतो, हेही आपण लिहिले आहे. मी अनेक वर्षे याच शहरात संसार करते आहे आणि माझे मत ठाम आहे: पुण्यातली खरेदी कमी करावी, इथली खरेदी पहिल्या तीन-चार महिन्यांवर पसरावी, फर्निचर आणि मुलीचे बहुतेक कपडे जुने घ्यावेत, आणि ज्या वस्तूवर कोणाचा जीव अवलंबून आहे ती मात्र नवीच घ्यावी.

खरेदी लांबवण्याचे पहिले कारण पैशाचे आहे. घरमालक अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी रक्कम मागू शकतो. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिला आहे आणि तो आपण अवश्य वापरावा, पण तरीही पहिला पगार हाती येईपर्यंत हात आखडता ठेवावा लागतो. दुसरे कारण असे की घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्यात काय हवे आहे हे कळत नाही. येथे भाड्याची बहुतेक घरे रिकामी मिळतात आणि रिकामी या शब्दाचा अर्थ आपल्याकडच्यापेक्षा बराच कडक आहे. छताला दिवा नसतो, तिथून नुसत्या वायरी लोंबत असतात. अनेक घरांत स्वयंपाकघरात ओटा, सिंक आणि शेगडीसुद्धा नसते, कारण आधीचा भाडेकरू ते सारे सोडवून घेऊन गेलेला असतो. तो ते मागे ठेवणार असेल तर त्याची वेगळी किंमत मागतो, आणि या रकमेला येथे आब्लोझं म्हणतात. स्वयंपाकघर दहा वर्षांचे असेल तर नव्याच्या निम्मी किंमतसुद्धा देऊ नये, मूळ बिल दाखवायला सांगावे, आणि ठरलेल्या वस्तूंची यादी दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावी. वस्तूच्या खऱ्या मूल्याशी अगदी विसंगत अशी रक्कम मागणे कायद्याला मान्य नाही, हे माहीत असले की बोलणी करताना धीर राहतो. शक्य असेल तर स्वयंपाकघर असलेलेच घर शोधावे. मूल लहान असताना महिनाभर एका विजेच्या शेगडीवर काढणे फार कष्टाचे होते.

पुण्याहून काय आणावे, याचे उत्तर बऱ्याच अंशी चुलीवर अवलंबून आहे. गॅसची शेगडी येथे क्वचितच दिसते. काचेच्या सपाट पृष्ठभागाखाली तापणारी तार असेल, तर ॲल्युमिनियमचा कुकरही चालतो, फक्त त्याचा तळ सपाट हवा. चूल इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचे भांडे तापतच नाही. म्हणून कुकर घ्यायचाच असेल तर दोन्हींवर चालणारा, इंडक्शनची खूण असलेला स्टीलचा घ्यावा. लोखंडी तवा दोन्हीकडे चालतो. मिक्सर जरूर आणावा, कारण येथील वीजही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचीच आहे आणि आपल्यासारखे ओले खोबरे किंवा इडलीचे पीठ वाटणारे यंत्र येथील दुकानांत सहसा मिळत नाही. फक्त आपला जाड तीन पिनांचा प्लग येथील सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अर्थिंग असलेला चांगला अडॅप्टर सोबत घ्यावा. चष्म्याच्या दोन जोड्या करून आणाव्यात, कारण प्रौढांच्या साध्या चष्म्याचा खर्च येथील सार्वजनिक आरोग्य विमा सहसा देत नाही. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, स्वतःला तीन महिने पुरतील एवढीच आणावीत. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा येथे फक्त औषधांच्या दुकानात मिळते, किराणा दुकानात नाही, म्हणून घरात एक पाकीट असलेले बरे.

तूप, पेढे, खवा, पनीर यांपैकी काहीही सामानात घालू नये. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणण्यास बंदी आहे, आणि ते विमानतळावर काढून घेतले जातात. हिवाळ्याचे जाड कोटही पुण्यात घेऊ नयेत. तेथे मिळणारा महागडा कोट अनेकदा येथील ओल्या थंडीसाठी बनवलेला नसतो, आणि येथे तोच पैसा अधिक चांगल्या कोटाला पुरतो. आतून घालायचे उबदार कपडे मात्र आणावेत, म्हणजे पहिला आठवडा निभावतो.

पोहोचण्याचा दिवस ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. रविवारी येथे जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानकातील काही दुकाने आणि पेट्रोल पंप उघडे असतात, पण तेथे दर चढे असतात. शनिवारी संध्याकाळी उतरणार असाल तर दूध, पाव, तांदूळ, मीठ आणि स्वच्छतागृहाचा कागद एवढे त्याच संध्याकाळी घ्यावे. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत जास्त द्यावी लागते. बाटली चेपू नये, कारण ती दुकानातील यंत्रात परत दिली की पैसे मिळतात.

आता जुन्या वस्तूंविषयी. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आपण गेला असाल, तर शनिवारी कार्ल्सप्लाट्झवर भरणारा येथील बाजार आपल्याला ओळखीचा वाटेल: काचेची भांडी, चांदीचे चमचे, जुनी चित्रे, दिवे. पाहायला तो सुंदर आहे, पण घर मांडण्याची खरेदी तेथे होत नाही. ती मुख्यतः क्लाइनान्त्साइगन या संकेतस्थळावर होते. पलंग, कपाट, जेवणाचे टेबल, पुस्तकांची मांडणी, इस्त्रीचा फळा, दिवे हे सारे तेथे शेजारच्याच वस्तीत मिळते. नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या कुटुंबांना घर ठरलेल्या तारखेला रिकामे करायचे असते, म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चांगल्या वस्तू फार कमी किमतीत, कधी फुकटही, दिल्या जातात.

या व्यवहाराची रीत पाळली तर उत्तरे येतात. किमतीपुढे फाउ बे (VB) ही अक्षरे असली तर घासाघीस चालते, फेस्टप्राइस लिहिले असेल तर चालत नाही. पहिल्याच निरोपात शेवटचा भाव विचारणे येथे उद्धटपणाचे मानतात. नमस्कार करावा, वस्तू अजून शिल्लक आहे का हे विचारावे, आपण कोणत्या दिवशी आणि किती वाजता नेऊ शकतो ते सांगावे, आणि त्या वेळेला खरोखर पोहोचावे. भावाबद्दलची विनंती त्यानंतर, एकदाच आणि सौम्यपणे करावी. वस्तू पाहून, चालवून, मगच रोख पैसे द्यावेत. कोणी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवून तेथे बँकेचा किंवा कार्डाचा तपशील भरायला सांगितला, किंवा पेपॅलवर मित्राला पैसे पाठवायचा पर्याय निवडा म्हटले, तर तो व्यवहार तिथेच सोडावा. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलेही संरक्षण नसते. नवीन आलेल्यांची फसवणूक याच दोन मार्गांनी होताना मी पुन्हा पुन्हा पाहते.

याशिवाय कारितास, डियाकोनी यांसारख्या सेवाभावी संस्था जुन्या सामानाची मोठी दुकाने चालवतात. तेथे भाव ठरलेले असतात आणि काही ठिकाणी सामान घरपोचही मिळते. जर्मन भाषा अजून जमत नसेल तर पहिले कपाट अशा दुकानातून घेणे सोपे जाते. धुलाई यंत्र मात्र अनोळखी व्यक्तीकडून घेऊ नये. ते दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानातून घ्यावे, म्हणजे जबाबदारी कोणाची तरी राहते. यंत्र हलवताना आतील टोपले घट्ट बांधणारे मूळ बोल्ट मिळाले का, हे विचारायला विसरू नये, कारण त्यांच्याशिवाय वाहतूक केल्यास यंत्र बिघडते.

मुलीच्या कपड्यांविषयी आपल्या पत्नीला माझ्या वतीने एवढे सांगावे की तान्ह्या बाळाला आधी जुन्या मऊ कपड्यांत, आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळण्याची रीत आपल्याच घरांतली आहे. दुसऱ्याच्या लेकराने घातलेले कपडे घालणे यात कमीपणा नाही, आणि येथे तर चांगल्या मिळवत्या घरांतले लोकही तेच करतात. वसंत आणि शरद ऋतूंत बालवाड्यांची पालक मंडळे आणि चर्चची मंडळे मुलांच्या वस्तूंचे बाजार भरवतात. आपण येणार तो ऑक्टोबर या बाजारांचाच महिना आहे. कपडे मुलाच्या उंचीच्या सेंटिमीटरवरून, 104, 110, 116 अशा मापांनी टेबलांवर लावलेले असतात, म्हणून निघण्यापूर्वी मुलीची उंची मोजावी आणि हिवाळ्याचा कोट एक माप मोठा घ्यावा. विक्रीच्या रकमेतील काही हिस्सा बालवाडीला जातो, घरची केक आणि कॉफी असते, आणि माझ्या अनुभवात नव्या वस्तीतल्या पालकांशी ओळख होण्याची याहून चांगली जागा नाही. बऱ्याच ठिकाणी गरोदर स्त्रियांना इतरांच्या आधी आत सोडतात. बालवाडीत पाऊस असला तरी मुलांना अंगणात खेळायला नेतात, त्यामुळे चिखलात घालायची जलरोधक विजार, रबरी बूट, पावसाळी अंगरखा आणि वर्गात घालायच्या चपला या चार गोष्टी लागतातच. यांतील विजार आणि अंगरखा जुने मिळाले तर उत्तम, कारण मूल वाढते आणि कापड टिकते. रोजचे चालायचे बूट मात्र नवे घ्यावेत, दुकानात पाय मोजून घ्यावेत.

मोटारीतील मुलाची खुर्ची मात्र कधीही अनोळखी व्यक्तीकडून जुनी घेऊ नये. बारा वर्षांपर्यंत किंवा 150 सेंटिमीटर उंचीपर्यंत ती कायद्याने आवश्यक आहे. अपघातात सापडलेली खुर्ची बाहेरून धडधाकट दिसते, आतले तडे दिसत नाहीत. जुन्या आर 44 या मानकाच्या खुर्च्या युरोपीय संघात सप्टेंबर 2024 पासून नव्या विकता येत नाहीत, तेव्हा आर 129 असे लिहिलेली घ्यावी. सायकलचे शिरस्त्राण आणि गादी यांनाही हाच नियम लावावा, गादीला आरोग्याच्या कारणाने. अशा नव्या खरेदीपूर्वी श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या संस्थेचे निष्कर्ष पाहावेत. 1964 मध्ये स्थापन झालेली ही संस्था वस्तूंची तटस्थ चाचणी करते आणि तिचे मासिक अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत वाचायला मिळते. तिच्या चाचण्यांत स्वस्त वस्तू महागड्यांपेक्षा सरस ठरल्याचे अनेकदा दिसते.

नवी वस्तू घेताना कायद्याचे जे संरक्षण मिळते त्याची नीट माहिती असावी, कारण नवे आलेले लोक ते वापरत नाहीत याची मला फार खंत वाटते. दुकानदाराने विकलेल्या नव्या वस्तूतील मूळ दोषाला तो दोन वर्षे जबाबदार असतो. पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासून होता असेच धरले जाते, आणि नव्हता हे सिद्ध करणे दुकानदाराचे काम असते. उत्पादकाची हमी ही याहून वेगळी, ऐच्छिक गोष्ट आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची नवी किटली चार महिन्यांत बंद पडली तेव्हा दुकानाने त्यांना उत्पादकाकडे पत्र लिहायला सांगितले. त्यांनी पावती दाखवून, आमचा करार तुमच्याशी आहे, असे शांतपणे सांगितल्यावर किटली बदलून मिळाली. पावतीचा कागद काही महिन्यांत फिका पडतो, म्हणून घरी आल्याबरोबर तिचे छायाचित्र काढून ठेवावे. जुनी वस्तू व्यापाऱ्याकडून घेतली तर ही मुदत तो एक वर्षावर आणू शकतो, आणि खाजगी विक्रेता जबाबदारी पूर्णपणे नाकारू शकतो. जाहिरातीच्या तळाशी तसे वाक्य बहुधा असतेच, आणि म्हणूनच वस्तू चालवून पाहण्याचा माझा आग्रह आहे. आणखी एक गैरसमज दूर करावा: ऑनलाइन घेतलेली बहुतेक नवी वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते, पण दुकानात जाऊन घेतलेली निर्दोष वस्तू परत घेणे हे दुकानाच्या मर्जीवर आहे. म्हणून दुकानातच आधी विचारावे.

आपल्याला स्वतःला कामावर जायला सायकल हवी आहे. जुनी सायकल चांगली मिळते, पण चोरीच्या मालावर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, मग त्याने प्रामाणिकपणे पूर्ण किंमत दिलेली असली तरीही. मूळ मालक आला तर सायकल जाते, आणि पैसे विक्रेत्याकडून वसूल करणे आपल्यावर राहते. त्यामुळे मूळ बिल मागावे, सांगाड्यावरचा क्रमांक खरवडलेला नाही ना हे पाहावे, आणि नाव, पत्ता, क्रमांक व रक्कम लिहून दोघांनी सही करावी. हे शहर डोंगरांच्या वाटीत वसलेले आहे. घर वरच्या वस्तीत मिळाले तर साधी सायकल घेऊ नये. एकतर विजेची घ्यावी, किंवा काही महिने ट्रामनेच जावे.

घराचा करार झाला की स्वयंपाकघर आहे की नाही आणि चूल कोणत्या प्रकारची आहे, एवढे मला कळवावे. त्यावरून कुकर आणि तवे यांची यादी मी आपल्या पत्नीला लिहून पाठवेन, म्हणजे सामानाच्या वजनात ते बसवता येतील.