थ्रेशर, थ्रॅशर आणि खळ्यावरची मळणी

दारव्हा तालुक्यातल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: क्रिकेटच्या इंग्रजी बातम्यांत ‘बीट’, ‘डिफीट’, ‘थ्रॅश’, ‘ड्रब’, ‘ट्राउन्स’ असे शब्द येतात, ते सगळे सारखेच का? शिवाय गावात मळणीच्या मशीनला ‘थ्रॅशर’ म्हणतात त्यावर शिकवणीचे सर हसतात, तर तसं म्हणणं खरंच चूक आहे का?

आधी एक चूक निस्तरू, कारण ती ऐकून कान किटले आहेत. टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की गावोगावी माइकवरून ‘वुई वन देम’ सुरू होतं. इंग्रजीत ‘विन’ करतात तो सामना, कप, बक्षीस. समोरच्या संघाला ‘बीट’ करतात. गोंधळ आपल्या ‘जिंकणे’मुळे होतो. मराठीत सामनाही जिंकता येतो आणि शत्रूलाही, इंग्रजी ‘विन’ला हा दुसरा अर्थ नाही. ‘व्हाइटवॉश’चंही तेच. मालिकेतले सगळे सामने गमावले तर व्हाइटवॉश. एक सामना दहा गड्यांनी हरला म्हणून कोणी व्हाइटवॉश होत नाही.

‘बीट’ सर्वांना ठाऊक आहे. ‘डिफीट’ फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन, आणि त्याचा मुळातला भाव ‘केलेलं मोडणं’ असा. हे दोन्ही शब्द किती फरकानं हरवलं ते सांगत नाहीत. आता ‘थ्रॅश’कडे येतो, कारण खरी मौज तिथं आहे.

‘थ्रॅश’ आणि ‘थ्रेश’ हा एकच शब्द आहे. जुन्या इंग्रजीतला धान्य मळण्याचा शब्द ‘थ्रेश’, आणि बोलीभेदानं त्याचंच झालेलं रूप ‘थ्रॅश’. पुढे वाटणी झाली. धान्याला ‘थ्रेश’ उरलं आणि माणसाला झोडपायला ‘थ्रॅश’. ही वाटणी व्हायच्या आधी दोन्ही रूपं धान्यासाठी चालत होती. तेव्हा परीक्षेत ‘थ्रेशर’ लिही बेटा, आजचं प्रमाण रूप तेच आहे. पण गावच्या ‘थ्रॅशर’वर हसणाऱ्यानं इंग्रजीचा इतिहास वाचलेला नाही. आणि मशीन सगळं काही धोपटत असते म्हणून ‘थ्रॅश’ला मारण्याचा अर्थ आला, असं कोणी शिकवत असेल तर तेही खोटं. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलनं मळणीयंत्र बनवलं 1786च्या सुमारास. माणसांना ‘थ्रॅश’ करणं त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीपासून चालू होतं.

त्याहून मागे गेलं तर या शब्दात काठी नव्हतीच, पाय होते. इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या त्या जर्मानिक भाषांमध्ये त्याचा मूळ अर्थ पायानं तुडवणं. हाच शब्द इटालियनमध्ये गेला तेव्हा ‘त्रेस्कारे’ झाला, आणि अर्थ झाला नाचणं! पाय आपटत खळ्यावर फिरणारी माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना तो नाच दिसला. पाय आधी, काठी मागून, हा क्रम आपल्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. ज्वारीची कणसं खळ्यावर पसरून त्यावर बैलांची पात फिरवायची, आणि तूर काठीनं झोडपायची, ही दोन्ही कामं वऱ्हाडात एकाच घरी चालत.

इंग्रजीत उंबरठ्याला ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात, त्यातही हेच तुडवणं आहे. त्याबद्दल एक गोष्ट मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरते: पंधराशे-सोळाशेच्या काळात इंग्रज लोक जमिनीवर काड पसरत, ते बाहेर जाऊ नये म्हणून दारात फळी लावत, ती थ्रेशोल्ड. ही शुद्ध थाप आहे. हा शब्द जुन्या इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीपासून आहे. शब्दाच्या जन्मानंतर पाचशे वर्षांनी घडलेल्या गोष्टीतून तो जन्मेल कसा? शिकलेली माणसं हे पुढे पाठवतात याचं वाईट वाटतं.

आता आपलं ‘मळणे’ घ्या. संस्कृत ‘मृद्’, म्हणजे चुरडणं, दाबणं. त्याचं प्राकृतात ‘मल’ झालं, हे व्याकरणकार हेमचंद्रानं बाराव्या शतकात नोंदवून ठेवलंय. तिथून आपली कणीक मळणं आणि खळ्यावरची मळणी. त्याच ‘मृद्’पासून ‘मर्दन’, आणि महिषासुराला मारणारी देवी ‘मर्दिनी’. म्हणजे मळणी आणि मर्दिनी या एका घरच्या. इंग्रजांना ‘थ्रेश’-‘थ्रॅश’मध्ये जे सापडलं, ते आपल्याकडे आधीपासून आहे. ‘मर्द’चा मात्र या घराशी काही संबंध नाही. तो फारसी शब्द, ‘मर्त्य’चा नातलग. ‘मर्दन करतो तो मर्द’ असं भाषणात सांगणाऱ्यांनी आता थांबावं.

आणि ‘कुटार’! तूर, हरभरा, सोयाबीन काढल्यावर ढोरांसाठी जे उरतं त्याला विदर्भात कुटार म्हणतात, पुण्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. माझं ठाम मत आहे की तो ‘कुटणे’पासूनच आलेला आहे, कुटून उरतं ते कुटार. काही जाणकार त्याला ‘कुठार’, म्हणजे कुऱ्हाडीशी जोडतात. अहो, कुटाराला कुऱ्हाड कधी लागते? त्यांनी एकदा खळं पाहावं. ‘कडबाकुट्टी’मधली ‘कुट्टी’ही याच धातूची, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘कुट्ट’चे अर्थ दिलेत छेदन आणि भर्त्सन, म्हणजे तोडणं आणि खडसावणं. एका धातूत कडब्याचीही सोय आणि नाठाळ पोट्ट्याचीही. माराचे आपले किती शब्द असे कामातून आले आहेत: धान्य कुटतात, जमीन चोपतात, कपडे धुतात, तूर झोडपतात, आणि सामना संपल्यावर पोट्टे म्हणतात, “त्यायले झोडपून काढलं!” ‘थ्रॅश्ड’चं याहून चोख मराठी मला कोणी दाखवावं. वर्तमानपत्रं ‘दारुण पराभव’ सोडायला तयार नाहीत, आणि काही तर ‘दणदणीत पराभव’ लिहितात. दणदणीत विजय असतो हो! हरणारा कशाचा दणदणाट करणार?

‘ड्रब’ राहिला. तो इंग्रजीत 1634पासून लेखी दिसतो, आणि सुरुवातीचे उल्लेख पूर्वेकडचे देश फिरून आलेल्या प्रवाशांचे आहेत, तळपायांवर छड्या मारण्याच्या शिक्षेबद्दलचे. मूळ अरबी ‘दरब’, म्हणजे मारणं. इंग्रजी कोश इथं ‘बहुधा’ म्हणून अंग काढून घेतात. उल्लेख कुठले, शिक्षा कुठली, उच्चार कुठला, सगळं एका ठिकाणी बोट दाखवत असताना हा संकोच मला पटत नाही. तुर्कीत आजही ‘दर्बे’ म्हणजे तडाखा. हाच अरबी शब्द फारसीत ‘ज़र्ब’ झाला आणि मराठीत ‘जरब’. आजोबांची घरात जरब असते ती ही. ठोसा मारून नाणं पाडतात म्हणून मुघल नाण्यांवर ‘ज़र्ब’ आणि पुढे टांकसाळीचं गाव असे. आपल्या अचलपुरातही, तेव्हाच्या एलिचपुरात, टांकसाळ होती. उर्दूत गुणाकारालाही ‘ज़र्ब’च म्हणतात.

क्रियापद म्हणून ‘ड्रब’ आता कमी दिसतो, ‘ड्रबिंग’ हे नाम जास्त चालतं. ‘ट्राउन्स’ आणि ‘थ्रॅश’च्या अर्थात बातमीपुरता फरक नाही, दोन्हींसाठी विजय मोठ्या अंतरानं मिळालेला हवा. एका गड्यानं जिंकलेल्या सामन्याला यातला एकही शब्द लावू नये, तिथं ‘बीट’ पुरे.