"तुमचा काय संबंध?": आफ्रिका, आंतरराष्ट्रीय कायदा आणि दाद मागायचा हक्क

प्रश्न होता: "एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएलएमला आफ्रिकेतल्या विकसनशील देशांचे प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय कायदा असा विषय घ्यावा म्हणतो. पण हा कायदा गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केलेला. त्यावर आफ्रिकी अभ्यासकांनी वेगळं असं काय लिहिलंय? सुरुवात कुठून करू?"

माझ्या एलएलएमच्या प्रबंधाचा विषय साधारण हाच होता. आराखडा घेऊन गेलो तेव्हा गाइड सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "यवतमाळचा पोरगा तू, आफ्रिकेशी तुझा काय संबंध?" उत्तर सुचलं नाही, ओशाळून परत आलो. पुढे दोन वर्षं वाचल्यावर कळलं की सरांनी नकळत विषयाच्या वर्मावरच बोट ठेवलं होतं. आपण कोर्टात ज्याला 'लोकस' म्हणतो, म्हणजे दाद मागायचा हक्क कुणाला, त्याभोवतीच आफ्रिका आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांची निम्मी कहाणी फिरते. निदान मी ती तशी वाचतो. दुसरं कुणी सीमांवरून सांगेल, कुणी कर्जावरून.

'गोऱ्यांनी केलेला' हे जन्मदाखल्यापुरतं खरं आहे. १८८४-८५ मध्ये बर्लिनला आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरले, तेव्हा टेबलाशी एकही आफ्रिकी नव्हता. पण पुढचं पाहा. १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेनेच ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी हाती आल्या त्याच सीमा पाळायच्या. परक्याने आखलेला बांध, पण तो उकरायला घेतला तर घरोघरी भाऊबंदकी, हा व्यवहारी हिशोब. १९८६ मध्ये बुर्किना फासो आणि माली यांच्या वादात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरलं.

आता सुरुवात कुठून? १८ जुलै १९६६ पासून करा.

नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून काढून राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) दक्षिण आफ्रिकेच्या हवाली केला होता. तिथल्या लोकांच्या भल्यासाठी सांभाळायचा, ही अट. दक्षिण आफ्रिकेने तिथे आपला वर्णभेद नेऊन बसवला. १९६० मध्ये इथिओपिया आणि लायबेरिया हेगच्या न्यायालयात गेले. हे दोघेच का, तर सहाराच्या दक्षिणेचे, कृष्णवर्णीयांची सत्ता असलेले आणि राष्ट्रसंघाचे सभासद राहिलेले देश हे दोनच. बाकीचे राष्ट्रसंघाच्या काळात कुणाच्या तरी वसाहती होते. १९६२ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध ७ अशा मतांनी सांगितलं की खटला ऐकायचा अधिकार आम्हाला आहे. मग आणखी चार वर्षं कागद, साक्षी, युक्तिवाद. शेवटी निकालाच्या दिवशी मतं पडली ७ विरुद्ध ७. अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे सर पर्सी स्पेंडर. त्यांनी निर्णायक मत टाकलं आणि दावा फेटाळला गेला. वर्णभेद कायद्यात बसतो की नाही, यावर निकाल गप्प. म्हणणं एवढंच, की या प्रकरणात इथिओपिया आणि लायबेरिया यांचा स्वतःचा कायदेशीर हक्क वा हितसंबंध सिद्ध झालेला नाही. समस्तांच्या वतीने कुणीही उठून दाद मागावी अशी सोय आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. सरळ मराठीत: तुमचा काय संबंध?

बाकावर कोण नव्हतं तेही पाहून ठेवा. इजिप्तचे बदावी वारले होते, पेरूचे बुस्तामांते आजारी होते, आणि पाकिस्तानचे झफरुल्ला खान अध्यक्षांच्या सांगण्यावरून बाजूला राहिले. तिघांतला एक जरी बसला असता तर काय झालं असतं, याची चर्चा वर्गात तासभर सहज चालते. जपानचे तनाका यांचं विरोधी मत मात्र मूळातून वाचा. समानता म्हणजे काय, यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं मी फार थोडं वाचलंय. न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

निकालानंतर जेमतेम सव्वातीन महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दक्षिण आफ्रिकेचा तो अधिकारच संपवल्याचा ठराव केला. १९७१ मध्ये त्याच न्यायालयाने सल्लागार मतात दक्षिण आफ्रिकेचं तिथलं वास्तव्य बेकायदा ठरवलं. नामिबिया स्वतंत्र व्हायला १९९० उजाडलं.

आता अभ्यासकांविषयी. नायजेरियाचे तास्लिम इलियास हे पहिलं नाव. देशाचे कायदामंत्री, मग सरन्यायाधीश, पुढे १९८२ ते ८५ हेगच्या न्यायालयाचे अध्यक्ष. त्यांचा १९७२ चा ग्रंथ सांगतो की वसाहतींच्या आधीही आफ्रिकेतल्या राज्यांत तह होते, दूत होते, व्यापाराचे नियम होते. हा कायदा आम्हालाही अगदी परका नाही, आम्ही त्यात भर घातली आहे. त्यांचेच देशबांधव उमोझुरिके यांनी १९७९ मध्ये उलट बाजू मांडली: गुलामांचा व्यापार आणि वसाहती यांना याच कायद्याने आधार दिला, ते आधी मान्य करा. केनियाचे जेम्स गथी यांनी पुढे या दोन परंपरांना नावं दिली, भर घालणारे आणि चिकित्सा करणारे. अल्जीरियाचे बेदजावी, सेनेगलचे केबा म्बाये हे आणखी दोघे. विकासाचा हक्क ही कल्पना कायद्याच्या भाषेत १९७२ मध्ये मांडली ती म्बाये यांनी. नव्वदीच्या दशकात 'ट्वेल' नावाची चळवळ सुरू झाली. तिसऱ्या जगाच्या नजरेतून आंतरराष्ट्रीय कायदा, हे तिचं सूत्र. केनियाचे मकाउ मुतुआ, नायजेरियाचे ओकाफोर, श्रीलंकेचे अँघी, आपल्याकडचे बी. एस. चिमणी. नावांची यादी इथेच थांबवतो. नुसती नावं ठोकून झालेले प्रबंध मी पुष्कळ तपासलेत.

कापसाशी थांबणं मात्र मला भाग आहे. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत म्हणाले, अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते त्याने जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. त्याच वर्षी कानकूनच्या परिषदेत जो मसुदा आला त्यात या देशांसाठी काय होतं? दुसऱ्या पिकांकडे वळायला मदत करू, अशा आशयाचा सल्ला. हे वाक्य विदर्भात कुणाला नवीन नाही. खटला लढला तो ब्राझीलने. बेनिन आणि चाड त्रयस्थ पक्ष म्हणून सोबत उभे राहिले. २००५ मध्ये ब्राझील अपिलातही जिंकला. अमेरिकेने निकाल पुरता पाळला नाही, तेव्हा ब्राझीलने अमेरिकी पेटंट आणि कॉपीराइटवर घाला घालायची तयारी दाखवली. मग तडजोड: २०१० पासून वर्षाला १४.७३ कोटी डॉलर, आणि २०१४ मध्ये ३० कोटी देऊन प्रकरण मिटलं. पैसे ब्राझीलला. चार आफ्रिकी देशांना थेट काही नाही.

ते स्वतः वादी का झाले नाहीत, असा प्रश्न पडेल. इथे लोकस पक्का होता, कागदावर. पण या संघटनेत जिंकणाऱ्याच्या हाती शेवटचं हत्यार म्हणजे मुख्यतः उलट जकात. बेनिनने अमेरिकी मालावर जकात वाढवली तर अमेरिकेला मुंगी चावल्याइतकंही कळणार नाही. महागाई होईल कोतोनूच्या बाजारात. हक्क आहे आणि वापरता येत नाही, हा प्रकार मला १९६६ पेक्षाही शिकण्यासारखा वाटतो.

एक इशारा. भारत म्हणजे आपोआप आफ्रिकेच्या बाजूचा, असं गृहीत धरून लिहू नका. बाजार बिघडवणारं सरकारी साहाय्य कुणाचंही असो, या चार देशांना ते कमी व्हायला हवं आहे, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने भारतातल्या कापसाच्या हमीभावावरही त्याच संघटनेत बोट ठेवलं. माझ्या वडिलांचा कापूस हमीभावाने जायचा. प्रबंधातलं ते प्रकरण मी तीनदा फाडून लिहिलं.

याउलट लोकस कुणाला चटकन मिळतो? कर्जाचा कागद विकत घेणाऱ्याला. रोमेनियाने १९७९ मध्ये झांबियाला शेतीच्या यंत्रांसाठी कर्ज दिलं. ते थकलं. १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने तो कागद सुमारे ३३ लाख डॉलरला घेतला, लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटींचा दावा ठोकला, आणि २००७ मध्ये दीड कोटीच्या वर पदरात पाडून घेतले. त्यावर इतका गदारोळ झाला की ब्रिटनने २०१० मध्ये अशा वसुलीला लगाम घालणारा कायदा केला. सावकारी कायद्यावर काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला हे प्रकरण एका बैठकीत समजेल.

आता तुमच्या 'वेगळं काय' या प्रश्नाचं माझं आवडतं उत्तर. मानवी आणि लोकांच्या हक्कांची आफ्रिकी सनद १९८१ मध्ये झाली. म्बाये तिच्या शिल्पकारांपैकी एक. विकासाचा हक्क, नैसर्गिक संपत्तीवरचा हक्क, चांगल्या पर्यावरणाचा हक्क, तिन्ही तिच्यात आहेत, आणि ते 'लोकां'ना, म्हणजे समूहांना. तिच्याखालच्या आयोगाकडे तक्रार घेऊन जायला स्वतः पीडित असावं लागत नाही. (त्याच १९८१ च्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एस. पी. गुप्ता निकालात जनहित याचिकेसाठी लोकस सैल केला. दोन्हींची तुलना हाच एक प्रबंध होईल.) नायजरच्या त्रिभुज प्रदेशात तेलामुळे ओगोनी लोकांची जमीन आणि पाणी नासलं, तेव्हा दोन स्वयंसेवी संस्था आयोगाकडे गेल्या. २००१ च्या निर्णयात आयोगाने नायजेरियाला दोषी ठरवलंच, पण त्या संस्थांचे आभारही मानले, आणि समस्तांच्या वतीने दाद मागायची सोय सनदेत आहे हे शहाणपणाचं झालं, असंही नोंदवलं. हेगने ३५ वर्षांपूर्वी जी गोष्ट नाकारली तीच ही. पुढे केनियातल्या बोगोरिया सरोवराकाठच्या एंडोरोइस पशुपालकांना अभयारण्यासाठी हुसकावलं होतं, त्या प्रकरणात आयोगाने विकासाच्या हक्काचा भंग झाल्याचं म्हटलं.

मात्र दार उघडणारे आणि लावणारे एकाच घरात असतात. अरुशाच्या मानवी हक्कांच्या आफ्रिकी न्यायालयात नागरिकाला थेट जायचं तर त्याच्या देशाने वेगळी घोषणा केलेली लागते. रवांडाने ती २०१६ मध्ये मागे घेतली, २०१९ मध्ये टांझानियाने, २०२० मध्ये बेनिन आणि कोत दिव्हुआर यांनी. अरुशा टांझानियात आहे! आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये झिंबाब्वेच्या विरोधात निकाल दिला, तर राष्ट्रप्रमुखांनी न्यायाधिकरणच बंद पाडलं. गोऱ्यांवर सगळं ढकलून लिहिलेला प्रबंध या परिच्छेदापाशी अडतो.

आणि गांबिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत छोटा देश. नोव्हेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या वंशसंहाराबद्दल त्याने म्यानमारला हेगमध्ये खेचलं. म्यानमारचा एक आक्षेप ऐकून मला गाइड सर आठवले: झळ लागली असेल तर ती बांगलादेशाला, गांबियाचा काय संबंध? जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो १५ विरुद्ध १ मतांनी फेटाळला. वंशसंहार करारात सहभागी असणं, एवढा संबंध पुरे. या निकालाला आधार होता २०१२ च्या बेल्जियम विरुद्ध सेनेगल खटल्याचा, चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याच्यावरून झालेला. डिसेंबर २०२३ मध्ये याच वाटेने इस्रायलविरुद्ध न्यायालयात गेला तो दक्षिण आफ्रिका, १९६६ च्या खटल्यातला प्रतिवादी.

व्यवहाराचं थोडं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आणि आफ्रिका हा विषय टाळा. त्यावर इतकं लिहून झालंय की तुमचं काही वेगळं उठून दिसणार नाही. १९६६ चा निकाल, ओगोनी निर्णय आणि गांबियाचा निकाल हे तीन आधी वाचा, लेख नंतर. आणि आत्तापासून फ्रेंचची शिकवणी लावा. म्बाये आणि बेदजावी यांचं बरंच लिखाण फ्रेंचमध्ये आहे. मी ते आळसाने टाळलं आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच धरलं.