नेमलेलं पुस्तक वाचून काहीच वाटलं नाही, तर रिफ्लेक्शनमध्ये खोटं लिहावं का?

तुम्ही विचारलंय की कोर्सला टॉलस्टॉयची 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' नेमलीय, 800 शब्दांचं रिफ्लेक्शन द्यायचंय, वाचून काहीच वाटलं नाही, तर वाटल्यासारखं लिहून मोकळं व्हावं का, आणि असली पुस्तकं वाचून जगण्यामरण्याचे प्रश्न खरंच सुटतात का.

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. हेच पुस्तक, हेच रिफ्लेक्शन आणि मला 10 पैकी 4 मार्क. चार वर्षं झाली तरी सल गेलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

मुळात 'काहीच वाटलं नाही' हे मला पटत नाही. बारा प्रकरणांचं बारकं पुस्तक आहे, त्यात कुठेतरी कंटाळा आलाच असेल ना? कुठल्या पानावर फोन हातात घेतलात? मला तर पहिल्या प्रकरणातच राग आला होता. पुस्तकाचं नाव इव्हान इलिचचा मृत्यू आणि गडी सुरुवातीलाच मेलेला. कोर्टातले सहकारी मधल्या वेळात गप्पा मारत बसलेत, एकाला पेपरमध्ये ती बातमी दिसते, आणि प्रत्येकाच्या डोक्यात पहिला विचार काय, तर आता त्याच्या जागेवर कोण, मग त्या माणसाच्या जागेवर कोण, आणि यात आपलं काही जमतंय का. मला वाटलं उगाच माणसांना नीच दाखवायचं म्हणून दाखवलंय, असं कोण वागतं. समासात पेन्सिलने 'अतिशयोक्ती' लिहिलं आणि पुस्तक ठेवून दिलं.

सबमिशनला दहा-बारा दिवस असताना आम्हाला लॉजिक शिकवणारे सर गेले. अचानक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचीच टेस्ट होती.

रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी लॉजिकचीच वही घेऊन बसले होते. मेसेज वाचला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप केलं, हात जोडलेला इमोजी टाकला, आणि लगेच, म्हणजे खरंच मिनिटभराच्या आत, मैत्रिणीला वेगळा मेसेज केला, "म्हणजे उद्या टेस्ट नाही ना?" तिचंही लगेच आलं, "नसणार बहुतेक." आणि मला बरं वाटलं. आत्ता हे लिहिताना कसंतरी होतंय, पण बरं वाटलं हे खरं आहे. वही मिटली आणि रोजच्यापेक्षा लवकर झोपले.

नंतर आम्ही सात-आठ जण त्यांच्या घरी भेटायला गेलो. मला बसायला फोल्डिंगची खुर्ची मिळाली, तिचा एक पाय आखूड. जरा हललं की टक्. म्हणून मी एका मांडीवर सगळा भार देऊन, पोटऱ्या ताणून, अजिबात न हलता बसून राहिले. सरांच्या मिसेस शेवटच्या दिवसाबद्दल काहीतरी सांगत होत्या, हळू आवाजात, आणि माझं सगळं लक्ष पुढचा टक् होऊ नये याकडे. त्या काय म्हणाल्या त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही. खुर्चीचा रंगसुद्धा आठवतो.

परत आल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं. पहिल्याच प्रकरणात तो सहकारी, प्योत्र इव्हानोविच, विधवेला भेटायला जातो तो प्रसंग आहे बघा. तो बसतो ती गादीची बैठी खुर्ची स्प्रिंग बिघडलेली असते, विधवेच्या शालीची लेस टेबलाच्या नक्षीत अडकते, ती सोडवायला हा उठतो की स्प्रिंगा उसळतात, बसला की पुन्हा कुरकुर, आणि इतकं झाल्यावर बाई पेन्शनचा विषय काढते, सरकारकडून जास्त पैसे कसे मिळतील म्हणून. आधी वाचताना हे सगळं मला भरताड वाटलं होतं. खोडरबर घेऊन 'अतिशयोक्ती' पुसलं.

मग पुढे ते कायसचं आलं. गोष्ट मागे जाते, आणि आजारी पडलेल्या इव्हान इलिचला लॉजिकच्या पुस्तकातलं उदाहरण आठवतं, कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. आणि त्याचं म्हणणं असं की कायसपुरतं हे एकदम बरोबर, पण मी काही कायस नाही, मी वान्या (इव्हानचं लाडाचं नाव), मला आई होती, खेळणी होती, तो पट्ट्यापट्ट्यांचा चामड्याचा चेंडू होता, त्याच्या वासाचं कायसला काय ठाऊक? आमच्या सरांनी पहिल्याच लेक्चरला हेच फळ्यावर लिहिलेलं, फक्त कायसच्या जागी सॉक्रेटिस. खाली रेघ मारून विचारायचे, "व्हॅलिड आहे का साउंड आहे?" (व्हॅलिड म्हणजे निष्कर्ष तर्काने निघतो, साउंड म्हणजे शिवाय आधीची विधानंही खरी.) आम्ही ओरडायचो, दोन्ही. वहीत ते पान होतं, टेस्टसाठी त्यालाच स्टार केलेला. ते पान बघून मी पहिल्यांदा रडले, सर जाऊन तीन दिवस झाल्यावर.

तर मी हे सगळं लिहिलं. टेस्ट, मेसेज, खुर्ची, स्टार केलेलं पान. आणि आले 4. लाल पेनने शेरा, 'अशोभनीय. पुस्तकाशी संबंध काय?' त्याच मैत्रिणीला 9. तिने पुस्तक उघडलंही नव्हतं, नेटवरचा सारांश वाचून लिहिलं होतं की या कादंबरीने मला मृत्यूचं अंतिम सत्य शिकवलं, इथून पुढे मी प्रत्येक क्षण भरभरून जगेन. भरभरून जगेन म्हणे, आठवडाभर वेबसिरीज बघत लोळत होती. इव्हान इलिचसुद्धा लॉ शिकून बाहेर पडताना घड्याळाच्या साखळीला एक पदक लटकवतो, त्यावर लॅटिनमध्ये 'शेवटाकडे लक्ष ठेव' असं कोरलेलं. लटकवतो आणि विसरतो. 9 मार्कांची रिफ्लेक्शनं असतात ती ही पदकं.

मी पेपर घेऊन सरांकडे गेले. (ज्यांनी मार्क दिले ते, हे वेगळे सर.) म्हटलं सर, संबंध पहिल्या प्रकरणाशी आहे. ते म्हणाले पहिलं प्रकरण म्हणजे सामाजिक दांभिकतेवरचं भाष्य आहे. म्हटलं हो सर, पण मग मी पण त्या समाजातलीच ना. तर म्हणाले, "रिफ्लेक्शन म्हणजे कबुलीजबाब नव्हे." तेव्हा गप्प बसले. जिना उतरताना सुचलं, अहो, टॉलस्टॉयने याच्या आधी 'कन्फेशन' नावाचं आख्खं पुस्तक लिहिलंय! चार वर्षं हे वाक्य मनात घोळवतेय, आज इथे उतरवून टाकलं.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येते. जिथे अडकलात, चिडलात, बोअर झालात ते पान घ्या आणि त्यावरच लिहा. 'मला कंटाळा आला' इथून सुरुवात केली तरी चालेल, फक्त कशाचा आला तिथपर्यंत जा. आणि गेरासिमवर लिहू नका. तो नोकर पोरगा जो रात्र रात्र आजारी इव्हान इलिचचे पाय खांद्यावर धरून बसतो, सगळे त्याच्यावरच लिहितात, कारण त्याच्यावर लिहिलं की आपण पण चांगले वाटतो. आपण बहुतेक जण गेरासिम नसतो, आपण पत्ते खेळायला उशीर होतोय म्हणून चुळबुळणारे असतो, प्योत्र इव्हानोविच पण भेटून निघाला तो थेट पत्त्यांच्या डावाला गेला.

मोठे प्रश्न सुटतात का, तर नाही सुटत. पुस्तक 1886 चं. त्यानंतर 24 वर्षांनी, वयाच्या 82 व्या वर्षी, लेखक स्वतः रात्री घर सोडून निघाला आणि एका छोट्या रेल्वे स्टेशनवर, स्टेशन मास्तरच्या घरात वारला. ज्याने लिहिलं त्याचे सुटले नाहीत, तुमचे 800 शब्दांत कुठून सुटणार.

आता थोडं उलट बाजूने पण सांगायला हवं. मार्क देणारे सर आणि गेलेले सर एकाच स्टाफरूममध्ये कित्येक वर्षं शेजारी बसायचे. माझा पेपर त्यांच्या हातात पडला तेव्हा मित्र जाऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते, आणि त्यात एक मुलगी लिहितेय की तो गेल्याचं कळल्यावर मला बरं वाटलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मिसेसच्या घरातलं लिहिलं तेही चुकलंच, ते माझं नव्हतं लिहायला. तरी 4 कमीच होते, 6 तरी हवे होते. तुम्ही आधी विचारून घ्या की पर्सनल लिहिलेलं चालतं का, आणि स्कॉलरशिप वगैरे मार्कांवर अडली असेल तर सरळ मैत्रिणीसारखं लिहा, त्याने कोणी मरत नाही.

आणि शब्दमर्यादा पाळा. आम्हालाही 800 चीच होती, माझे 1500 झाले होते आणि त्याचे 2 मार्क वेगळे कापले होते. ही गोष्ट सांगताना एरवी मी ते गाळते.