स्कॉटलंडमधल्या कूरस (Culross) गावचं टाउन हाउस, म्हणजे जुनी नगरसभेची इमारत, बघायला निघालास ना?

आधी उच्चार: 'कूरस'. स्पेलिंगमधला 'ल' कुणी म्हणत नाही. मी पहिल्यांदा चुकलोच होतो.

फाइफ परगण्यातल्या या टाउन हाउसचा फोटो काढून लगेच पुढे पळू नकोस. मूळ इमारत १६२६ ची, पण समोरचा घड्याळाचा मनोरा १७८३ चा. नवखी माणसं सगळं एकाच काळातलं समजतात. बाहेरचा दुहेरी दगडी जिना नीट बघ. वर नगरसभेची खोली, खाली तुरुंग, आणि चेटकीण ठरवलेल्या बायका माळ्यावर कोंडलेल्या. कारभार आणि कोठडी एकाच छपराखाली, ही स्कॉटलंडमधल्या 'टोलबूथ' म्हटल्या जाणाऱ्या जुन्या नगरइमारतींची रीतच.

मग छपरं बघ. शेजारची घरं पांढऱ्या गिलाव्याची, लाल कौलांची. टाउन हाउस मात्र उघड्या दगडाचं आणि वर पाटीचा दगड. सत्तेचा थाट म्हण हवं तर.

या थाटामागचा पैसा आला कोळसा आणि मिठातून. सर जॉर्ज ब्रूसनं फोर्थच्या खाडीखाली खाण नेली होती! त्याचा पिवळाधमक वाडा जवळच आहे. तिथली रंगवलेली लाकडी छतं चुकवू नकोस, आणि गुळगुळीत फरसबंदीवर चालायला चांगले बूट घाल.