शाकाहारी माणसाचे चेंगडूत जेवणाचे हाल होतात का? इथून काय काय न्यावं?

तुम्ही विचारलंय की कंपनी चीनमध्ये चेंगडूला पाठवतेय, तुम्ही शाकाहारी पण अंडं चालतं, बायको सगळं खाते, तर जेवणाचे हाल होतील का आणि सामान काय न्यावं. आमच्याकडे अगदी हीच जोडी आहे, नवरा पुण्याचा शाकाहारी आणि मी वेंगुर्ल्याची, आणि आम्ही चेंगडूत संसार केलाय म्हणून लिहितेय.

हाल होत नाहीत, पण डोळे उघडे ठेवून जेवावं लागतं. भाज्यांना तिथे तोटा नाही. वाटाण्याचे कोवळे शेंडे, रताळ्याचा पाला, कमळाचं देठ, दहा प्रकारचे मश्रूम, काय हवं ते, आणि लसूण घालून फुल गॅसवर दोन मिनिटांत परतून समोर आणतात. प्रश्न भाजीचा नसतो, ती कशात परतली त्याचा असतो. डुकराची चरबी तिथे फोडणीला सर्रास वापरतात आणि खिमा तर त्यांच्या लेखी मसाल्यातच जमा. मापो तोफू या तिथल्या तिखट तोफूच्या पदार्थात बीफ नाहीतर पोर्कचा खिमा असतो, साध्या फरसबीच्या परतलेल्या शेंगांत पण बऱ्याचदा असतो, आणि नूडल्सचं सूप हाडं उकळून केलेलं. तुम्ही नुसतं "मांस नको" म्हणालात तर ते तुकडे काढतील आणि सूप तेच देतील, यात फसवायचा हेतू अजिबात नसतो, त्यांना खरंच वाटतं की आपण सांगितलं ते केलं. म्हणून चिनीत एक नोट करून फोनमध्ये ठेवा: मांस नको, खिमा नको, प्राण्याची चरबी नको, हाडांचं सूप नको, अंडं चालेल. बहुतेक ठिकाणी टेबलावरचा क्यूआर स्कॅन करूनच ऑर्डर द्यायची असते, त्यात खाली रिमार्क लिहायला जागा असते, तिथे हीच नोट पेस्ट करायची. टोमॅटो-अंडं आणि व्हिनेगर-मिरची घातलेला बटाट्याचा कीस हे दोन पदार्थ जवळपास कुठेही मिळतात, नवऱ्याचे पहिले काही महिने त्यावरच गेले.

हॉटपॉटचं मात्र नीट वाचा, कारण ऑफिसवाले पहिल्याच आठवड्यात तुम्हाला तिथे घेऊन जाणार. टेबलाच्या मध्ये उकळतं भांडं, त्यात आपापलं शिजवून खायचं. तिथला तो प्रसिद्ध लालभडक रस्सा पारंपरिक पद्धतीने बीफच्या चरबीत करतात, बऱ्याच ठिकाणी तर मसाल्याची घट्ट वडीच आणून भांड्यात टाकतात आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर वितळते. दोन कप्प्यांचं भांडं मागवलं तरी लोक गप्पांच्या नादात इकडची चॉपस्टिक तिकडे बुडवतातच, आणि साधा दिसणारा पांढरा रस्सा पण बहुधा हाडांचाच. तुम्हाला चालत नसेल तर प्रत्येकाला वेगळं छोटं भांडं देणाऱ्या ठिकाणी चला म्हणायचं आणि टोमॅटोचा किंवा मश्रूमचा रस्सा घ्यायचा, तोही विचारून. कुणी वाईट वाटून घेत नाही. न जेवता नुसतं बसून राहिलात तर मात्र सगळं टेबल अस्वस्थ होतं, तिथे ओळख जेवणावरच होते.

तिखटाची भीती घालतात लोक, पण आपल्या माणसाला मिरची काही करत नाही. जीभ बधिर होते ती ह्वाच्याओने, म्हणजे सिचुआन पेपर. मला पहिल्या घासालाच कळलं हे कोण आहे ते, आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड! दोन्ही एकाच कुळातली झाडं. फक्त आम्ही बांगड्याच्या तिखल्यात मोजून पाच-सहा ठेचून टाकतो आणि हे लोक मूठभर ओततात. बाजारात तिथले बांगडे आणून मी ह्वाच्याओ घालून तिखलं केलं, लिंबासारखा वास थोडा जास्त येतो पण चाललं.

नवऱ्याला निर्धास्त जेवता यायचं ते वेन्शू मठात. गावातच आहे, बौद्ध मठ, आत शाकाहारी जेवण मिळतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. फक्त सोयाचे मासे, सोयाचं मटण असं हुबेहूब करतात की हा ताट बघूनच मागे सरकायचा, मी आरामात दोघांचं खायचे. रस्त्यावर खायचं तर तीळकूट-मिरचीतेल-लसूण घातलेल्या जाड नूडल्स असतात, सूप नसलेल्या, त्या बघा, आणि उन्हाळ्यात गुळाचं पाणी आणि शेंगदाणे घातलेली थंडगार जेली. दोन्ही स्वस्त आणि दोन्ही फार भारी.

पण खरा आधार म्हणजे घरचं किचन. घर भाड्याने घेताना गॅसची शेगडी आहे ना बघून घ्या. आणि नवीन घरात गेल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे रजिस्ट्रेशन करायचं, ते विसरू नका. भाजीवालीचा भाव अर्ध्या किलोचा असतो, किलोचा नाही, त्यामुळे पहिल्यांदा सगळंच स्वस्त वाटतं. आमची भाजीवाली मोबाईलवर पैसे आल्याचा आवाज ऐकला की न मागता पातीच्या कांद्याची जुडी पिशवीत खुपसायची, आपल्याकडे कोथिंबीर टाकतात तशी. पैसे द्यायचे ते वीचॅट नाहीतर अलीपे या तिथल्या ॲपने, दोन्हीला आता बाहेरचं कार्ड जोडता येतं, ते लवकरात लवकर जोडून घ्या कारण फोनशिवाय तिथे जेवणसुद्धा अवघड होतं.

आता सामान. हिंग, गोडा मसाला, आमसुलं एवढं न्या. मूग भरपूर मिळतात, सोललेली डाळ पण मिळते, तूरडाळ आणि कणीक ताओबाओ या तिथल्या ऑनलाइन बाजारावरून मागवायची. आमटीत गुळाऐवजी त्यांची लाल साखर घाला, फरक कळत नाही. दही बहुतेक गोड असतं, बिनसाखरेचं शोधून एकदा विरजण लावलं की झालं. दूधदुभत्याचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या कस्टम्सला चालत नाहीत, त्यामुळे आईने दिलेला ताजा कढीपत्ता बॅगेत कोंबू नका, तूप तिथेच बटर आणून कढवा. कुकर अजिबात नेऊ नका, इलेक्ट्रिक कुकर तिथे ढिगाने आणि स्वस्त मिळतात, शिट्टी वाजत नाही एवढंच.