अपडेट केलं आणि शिरोरेषा तुटली

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. आईच्या हातच्या नागपुरी पदार्थांची वेबसाइट वर्डप्रेसवर (साइट बनवण्याच्या प्रणालीवर) चालवते, थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा ट्वेंटी सेव्हंटीन. परवा डॅशबोर्डवर सूचना दिसल्या म्हणून सगळंच अपडेट केलं. आता साइटचं नाव आणि बाजूच्या रकान्यातला ‘उन्हाळी वाळवण’ हा मथळा सुटा-सुटा दिसतो : वा ळ व ण. भाच्याने थीमच्या फाइलमध्ये दुरुस्ती करून दिली होती, ती कुठे गेली? वर्डप्रेसबरोबर येणारी नवी डीफॉल्ट थीम घेऊ का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, भाच्याचं काम पुसलं ते थीमच्या अपडेटने. वर्डप्रेसची नवी आवृत्ती चालू थीमला हात लावत नाही. पण थीम अपडेट झाली की तिचा फोल्डरच नवा येतो आणि त्यात हाताने केलेलं सगळं जातं. सीताबर्डीतल्या दुकानदारांच्या साइट सांभाळताना मी हे सारखं पाहते.

माझा राग आहे तो मूळ आखणीवर. ही थीम डिसेंबर २०१६मध्ये वर्डप्रेस ४.७बरोबर आली. नाव आणि मथळे इंग्रजी कॅपिटलमध्ये, अक्षरं लांब-लांब ठेवून उठून दिसावेत, अशी तिची रचना. देवनागरीत कॅपिटल नाहीत, पण साइटची भाषा इंग्रजीच ठेवलेली असेल तर अक्षरांमधली ती जागा मात्र लागू होते आणि शिरोरेषा तुटते. आपल्या लिपीत लिहिणाऱ्याने दर वेळी हे सांधत का बसावं?

उपाय सोपा आहे. अपिअरन्समध्ये कस्टमाइझ उघडा, तिथे अॅडिशनल सीएसएसमध्ये (साइटच्या दिसण्याच्या सूचना लिहायच्या जागेत) साइटचं नाव आणि रकान्यातला मथळा या दोन्हींचं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जागा, ‘नॉर्मल’ करून घ्या. मात्रा-वेलांट्या कापल्या जात असतील तर लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंचीही वाढवा. हे थीमच्या फाइलींत नाही, साइटच्या डेटाबेसमध्ये राहतं, थीम अपडेट झाली तरी जात नाही. फाइलींमध्येच मोठे बदल हवे असतील तर भाच्याला चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली पण वेगळ्या फोल्डरातली थीम, करायला सांगा. फॉन्ट बदलायचा झाल्यास मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घ्या. मोफत आहे आणि पडद्यावर छान वाचता येतो.

नवी डीफॉल्ट थीम एवढ्यासाठी नको. जानेवारी २०२२च्या ट्वेंटी ट्वेंटी-टूपासून डीफॉल्ट थीम ब्लॉकवर चालतात, म्हणजे पानाचा प्रत्येक भाग सुट्या तुकड्यांनी मांडायचा; बाजूचा रकाना तुम्हाला पुन्हा मांडावा लागेल.

आणि होस्टिंगवाल्याकडे (ज्याच्या सर्व्हरवर तुमची साइट आहे त्याच्याकडे) अपडेटच्या आधीचा बॅकअप मागा. त्यातल्या स्टाइल फाइलमध्ये भाच्याने लिहिलेलं जसंच्या तसं सापडेल. जुने बॅकअप ते फार दिवस ठेवत नाहीत, तेव्हा फोन आजच करा.